मिरचीच्या रोपाला फुले न येणे

मिरचीच्या रोपाला फुले न येणे ही परसबागेत, गच्चीवर किंवा कुंडीत मिरची लावणाऱ्यांना वारंवार भेडसावणारी अडचण आहे. रोप हिरवेगार दिसते, वाढतही असते, परंतु त्यावर कळी दिसत नाही. किंवा कळ्या येतात आणि उमलण्यापूर्वी अथवा उमलल्यावर लगेच गळून पडतात. बोलण्यात या सर्व स्थितींचे वर्णन 'मिरचीला फूल धरत नाही' अशा एकाच वाक्याने केले जाते. प्रत्यक्षात कळी न येणे, आलेली कळी गळणे आणि फूल येऊनही फळ न धरणे या तीन स्वतंत्र स्थिती असून त्यांची कारणे व उपाय भिन्न आहेत. हा भेद लक्षात न घेता केलेला उपाय, विशेषतः नत्रयुक्त खताची जादा मात्रा, मूळ अडचण वाढवतो. अनेकदा तर केवळ वयाने लहान असलेली निरोगी रोपे निरुपयोगी समजून उपटून टाकली जातात.

## मिरचीचे रोप व त्याचा फुलोरा

मिरची ही सोलॅनेसी कुलातील वनस्पती असून वांगी, टोमॅटो व बटाटा ही तिची सगोत्र पिके होत. तिचे मूलस्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. मिऱ्याला संस्कृतात 'मरिच' म्हणत; तिखटपणाच्या साम्यामुळे त्याच शब्दावरून नवागत फळाला 'मिरची' हे नाव मिळाले. लागवडीखालील मिरचीच्या पाच प्रजाती मानल्या जातात. पैकी कॅप्सिकम ॲन्युअम ही सर्वाधिक प्रचलित असून ब्याडगी, संकेश्वरी, पुसा ज्वाला आणि ढोबळी मिरची या तिच्याच जाती होत.

फुले का येत नाहीत हे समजण्यासाठी रोपाच्या वाढीची पद्धत माहीत असणे आवश्यक आहे. बियाण्यापासून उगवलेले रोप प्रथम एकाच सरळ खोडाने वाढते. या खोडावर जातीनुसार साधारणपणे ८ ते १२ पाने आल्यानंतर शेंड्याची वाढ थांबते, तेथे पहिली कळी तयार होते आणि तिच्या खालून दोन किंवा तीन फांद्या फुटतात. त्यामुळे खोडाला इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दुबेळका पडतो. पुढे प्रत्येक फांदी पुन्हा दुभागते आणि प्रत्येक बेचक्यात एक कळी येते. अर्थात मिरचीमध्ये फुलांची संख्या फांद्यांच्या दुभागण्यावर अवलंबून असते. ज्या रोपाला अद्याप बेचकेच पडलेले नाही, त्याला फूल येण्याची वेळच झालेली नसते.

मिरचीचे फूल लहान, खाली झुकलेले व सामान्यतः पांढरे असते. त्यात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असल्यामुळे फलधारणेसाठी दुसऱ्या झाडाची गरज नसते. मिरचीची फुलधारणा दिवसाच्या लांबीवर फारशी अवलंबून नाही. म्हणूनच हवामान अनुकूल असल्यास ती वर्षाच्या कोणत्याही महिन्यात फुलू शकते.

## तीन वेगळ्या स्थिती

निदानाची सुरुवात रोपाच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणापासून होते.

* कळीच नसणे – बेचक्यांत हिरव्या कळीचा मागमूस नसतो व जमिनीवरही गळलेली कळी आढळत नाही. याची कारणे बहुधा रोपाचे वय, जात, अपुरे ऊन, जादा नत्र किंवा मुळांची कुचंबणा यांत सापडतात.
* कळी किंवा फूल गळणे – कुंडीतील मातीवर पिवळसर देठासह पडलेल्या कळ्या दिसतात, किंवा बेचक्यात देठ गळाल्याची बारीक खूण दिसते. उष्णता, पाण्याचा ताण, पाणी साचणे, फुलकिडे व फळांचा भार ही येथील प्रमुख कारणे होत.
* फूल टिकूनही फळ न धरणे – फूल उमलते, सुकते, परंतु फळ वाढत नाही. परागकणांची अकार्यक्षमता किंवा परागीभवनातील अडथळा हे याचे कारण असते.

कळ्या अगदी लहान, टाचणीच्या डोक्याएवढ्या असतानाही गळू शकतात. म्हणून 'कळ्या येतच नाहीत' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी काही दिवस कुंडीत पांढरा कागद अंथरून सकाळी तो तपासावा.

## कळी न येण्याची कारणे

### रोपाचे वय व जात

महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या जातींची रोपे साधारणपणे ३५ ते ४५ दिवसांची झाल्यावर पुनर्लागवड करतात आणि त्यानंतर सुमारे ४० ते ५० दिवसांनी फुले दिसू लागतात. म्हणजे बी पेरल्यापासून अडीच ते तीन महिने वाट पाहणे स्वाभाविक आहे. भूत जोलोकियासारख्या अतितिखट जातींना याहून बराच अधिक काळ, काही वेळा चार महिने किंवा त्याहून जास्त, लागतो. वय मोजताना रोप थंडीत वाढले की उबदार हवेत हेही पाहावे लागते, कारण थंडीत वाढ मंदावते.

किराणा दुकानातील सुक्या मिरचीचे बी पेरणे ही घरोघरी रूढ असलेली पद्धत आहे. अशा बियाण्याची जात बहुधा ठाऊक नसते. ती मिरची संकरित वाणाची असल्यास तिच्या बियाण्यापासून आलेली रोपे एकमेकांसारखी नसतात. काही लवकर फुलतात, तर काही उशिरा. त्यामुळे एकाच पाकिटातील दोन रोपांची तुलना करून एकाला सदोष ठरवणे योग्य नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले ज्योती' किंवा दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण कीर्ती' यांसारख्या प्रसारित वाणांचे बी घेतल्यास फुलण्याचा काळ पुष्कळसा निश्चित असतो.

### अपुरे ऊन

मिरचीला दररोज किमान सहा तास थेट ऊन आवश्यक असते. सावलीत रोप जगते, पाने मोठी व गडद होतात, परंतु दोन पानांमधील पेरी लांबतात, खोड बारीक राहते आणि रोप प्रकाशाच्या दिशेने कलते. ही लक्षणे दिसल्यास खताचा विचार बाजूला ठेवून जागा बदलावी. पानांतून तयार होणारी साखर अपुरी पडली की रोप ती प्रथम पाने व खोड यांना पुरवते. कळ्यांचा क्रमांक शेवटी लागतो.

सदनिकांच्या बाल्कनीत उन्हाचे गणित ऋतूनुसार बदलते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणाभिमुख बाल्कनीत ऊन आतपर्यंत येते. मे महिन्यात मात्र महाराष्ट्रात शून्य सावली दिवस येतो. त्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मुंबई-पुण्याच्या अक्षांशांवर तो किंचित उत्तरेकडे राहतो. परिणामी जानेवारीत उन्हाने भरलेली दक्षिणेची बाल्कनी मे-जूनमध्ये वरच्या मजल्याच्या छताखाली पूर्ण सावलीत जाते. डिसेंबरात फुललेले रोप त्याच जागी उन्हाळ्यात का फुलत नाही, याचे उत्तर अनेकदा येथे मिळते.

### जादा नत्र

नत्र हे पाने व खोड यांच्या वाढीसाठी लागणारे अन्नद्रव्य आहे. ते गरजेपेक्षा अधिक मिळाल्यास रोप शाखीय वाढीतच गुंतून राहते. पाने गर्द हिरवी, मऊ व मोठी होतात, नवी फूट सतत येते, परंतु कळ्या लांबणीवर पडतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्यामुळे एका कुंडीला चमचाभर युरिया ही फार मोठी मात्रा ठरते.

सेंद्रिय खत कितीही घातले तरी चालते, हा समजही बरोबर नाही. शेंगदाण्याच्या पेंडेत सुमारे ७ टक्के नत्र असते. पेंड भिजवून तिचे पाणी दर आठवड्याला घालणे म्हणजे नत्राचाच सततचा पुरवठा होय. कोंबडीखत व ताजे शेणखत यांबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते. याउलट रोप फिकट, खुरटे व खालची पाने पिवळी पडलेले असल्यास नत्राची कमतरता संभवते. अशा अशक्त रोपालाही फुले येत नाहीत किंवा फार थोडी येतात. म्हणून खत देण्याचा वा थांबवण्याचा निर्णय पानांचा रंग पाहूनच घ्यावा.

### कुंडी, माती व मुळे

मिरचीच्या एका रोपाला साधारणपणे ८ ते १० लिटर मातीची कुंडी किंवा पिशवी लागते. लहान कुंडीत मुळे काठाला वेटोळे घालून बसतात, माती काही तासांत सुकते आणि रोप सतत ताणाखाली राहते. तळाच्या छिद्रातून मुळे बाहेर येणे आणि पाणी घातल्याबरोबर ते खालून निघून जाणे ही मुळे कोंडल्याची चिन्हे होत. दाट लावलेल्या रोपांतही हीच स्पर्धा निर्माण होते. एका कुंडीत तीन-चार रोपे ठेवल्यास एकही रोप धड फुलत नाही.

मातीचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असणे मिरचीस मानवते. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी दीर्घकाळ घातल्यास कुंडीच्या काठावर व मातीवर पांढरा थर जमतो आणि मुळांना अन्नद्रव्ये घेणे अवघड होते.

### शेंडा खुडणे व छाटणी

फांद्या वाढाव्यात म्हणून रोपाचा शेंडा खुडण्याची पद्धत आहे. तिने रोप डेरेदार होते, परंतु पहिली कळी शेंड्यावरच येत असल्यामुळे फुलोरा काही आठवडे पुढे जातो. वारंवार शेंडे खुडल्यास रोपाला कळीच्या अवस्थेपर्यंत पोचताच येत नाही.

### थंडी

रात्रीचे तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागले की मिरचीची वाढ व फुलधारणा मंदावते आणि १० अंशांखाली ती जवळपास थांबते. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या भागात हिवाळ्यात असे तापमान अनेकदा नोंदले जाते. शीत प्रदेशांत राहणारे मराठी भाषक खिडकीत मिरची लावतात, तेव्हा थंडीबरोबरच हिवाळ्यातील तोकडा प्रकाश हेही कारण असते. तेथे बियाणे घरात लवकर पेरून हिमतुषाराचा धोका टळल्यावर रोपे बाहेर नेणे हा रूढ उपाय आहे.

### कीड व विषाणू

फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्या उपद्रवाने शेंड्याची कोवळी पाने आकसतात. शेंड्यातच कळी जन्म घेत असल्यामुळे फुलोरा थांबतो. या आकसण्याला बोकड्या किंवा चुरडामुरडा म्हणतात. पाने वरच्या बाजूस होडीसारखी वळली असल्यास फुलकिडे, खालच्या बाजूस उलट्या होडीसारखी वळली असल्यास कोळी, तर पाने बारीक व गुच्छासारखी होऊन रोप खुजे राहिल्यास पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा पर्णगुच्छ विषाणू असण्याची शक्यता अधिक असते.

## कळ्या व फुले गळण्याची कारणे

रोपावर ताण आला की कळीच्या देठाशी असलेल्या पेशींचा थर सैल होतो आणि कळी तेथून सुटते. इथिलीन हे संप्रेरक या क्रियेला चालना देते, तर वाढत्या कळीतून येणारे ऑक्सिन तिला रोखून धरते. हे संतुलन बिघडवणारी कोणतीही गोष्ट फुलगळीस कारणीभूत ठरते.

### उष्णता

मिरचीस दिवसा सुमारे २० ते ३० अंश व रात्री १५ ते २२ अंश तापमान पोषक असते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे किंवा रात्रीचे २४ अंशांच्या वर राहू लागले की फुलगळ वाढते. यात रात्रीच्या तापमानाकडे सहसा दुर्लक्ष होते. सिमेंटची गच्ची व भिंती दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत राहतात. त्यामुळे गच्चीवरील कुंडीला अंगणातील वाफ्यापेक्षा रात्री अधिक उष्णता सोसावी लागते. काळ्या रंगाच्या कुंड्यांत मुळेही तापतात.

### पाणी

मिरचीला वाफसा हवा असतो. म्हणजे माती ओलसर असावी, परंतु तिच्यात हवा खेळती असावी. माती पूर्ण सुकून रोप माना टाकेपर्यंत वाट पाहणे आणि मग भरपूर पाणी देणे, हा क्रम कळ्यांना सर्वाधिक घातक ठरतो. उलट सतत चिखल राहिल्यास मुळांना प्राणवायू मिळत नाही. ओल्या मातीतही रोप कोमेजलेले दिसते आणि कळ्या पिवळ्या पडून गळतात. कोमेजलेल्या रोपाला पाणी देण्यापूर्वी बोटाचे एक पेर मातीत घालून ओल तपासावी.

### पावसाळी हवा

सलग ढगाळ हवामानात प्रकाश कमी पडतो, माती ओली राहते आणि परागकण भिजतात. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये होणारी फुलगळ बहुतांशी या तिन्ही कारणांच्या एकत्र परिणामाने होते.

### फळांचा भार

रोपावर बऱ्याच मिरच्या पोसल्या जात असतील, तर नव्या कळ्यांना अन्न अपुरे पडून त्या गळतात. मिरचीचे पीक लाटांप्रमाणे बहर घेते; एक बहर भरल्यावर मधला काळ फुलांविना जातो. हा रोग नव्हे. हिरव्या मिरच्या वेळच्या वेळी तोडल्यास पुढचा बहर लवकर येतो. मिरच्या झाडावरच लाल होऊ दिल्यास नवी फुले कमी येतात, हे गृहीत धरावे.

### फुलकिडे

काही फुलकिडे थेट फुलात शिरून रस शोषतात. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीच्या पिकात थ्रिप्स पार्विस्पिनस या मूळच्या आग्नेय आशियातील फुलकिड्याने फुलगळ होऊन मोठे नुकसान झाले होते. घरी तपासणी करताना फूल पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावे. बारीक, लांबट, पळणारे ठिपके दिसल्यास ते फुलकिडे समजावेत.

## फूल येऊनही फळ न धरणे

अति उष्णतेत किंवा थंडीत परागकण नीट तयार होत नाहीत. फूल वरून निर्दोष दिसते, परंतु फलधारणा होत नाही. बोरॉनच्या कमतरतेनेही परागकणांची उगवण घटते. बंद बाल्कनीत किंवा जाळीच्या आत वारा व मधमाश्या पोचत नसल्यास स्वपरागणालाही अडथळा येतो. अशा ठिकाणी सकाळी उमललेल्या फुलांच्या फांदीला बोटाने हलक्या टिचक्या माराव्यात किंवा मऊ कुंचला फुलात फिरवावा. फुले उमलण्याच्या काळात कीटकनाशक फवारल्यास मधमाश्या दुरावतात. फवारणी करणे भागच असल्यास ती सायंकाळी करावी.

## महाराष्ट्रातील ऋतुमान व फुलोरा

फेब्रुवारीत लावलेले रोप एप्रिल-मेमध्ये कळीवर येते. त्या वेळी विदर्भात दिवसाचे तापमान ४० अंशांच्या पुढे असते, तर कोकणात रात्रीचा पारा २५ अंशांच्या आसपास राहतो. त्यामुळे दोन्हीकडे कळ्या गळतात, मात्र कारण वेगळे असते: विदर्भात दिवसाचे ऊन, कोकणात रात्रीचा उकाडा. विदर्भात दुपारी विरळ सावली देणे उपयोगी पडते. कोकणात तिचा लाभ मर्यादित असतो. जून-जुलैमध्ये लावलेली रोपे पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरपासून पुढे, चांगली फुलतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेल्या रोपांना बहुतेक ठिकाणी उत्तम ऊन व गार रात्री मिळतात. घरगुती लागवडीस हा काळ सर्वांत सुलभ समजला जातो.

मे महिन्यात फुले न देणारे रोप निकामी झालेले नसते. मिरची बहुवर्षायू आहे. शेतात ती हंगामी पीक म्हणून घेतात, परंतु परसात निगा राखल्यास दोन-तीन वर्षे जगते. उन्हाळ्यात तग धरून राहिलेले रोप हवा पालटल्यावर पुन्हा कळ्या धरते.

## निदानाचा क्रम

एकाच वेळी अनेक उपाय केल्यास कोणता लागू पडला हे समजत नाही, शिवाय रोपावर नवा ताण येतो. म्हणून पुढील क्रमाने तपासणी करावी.

1. पेरणी व पुनर्लागवड यांची तारीख आठवावी. रोप तीन महिन्यांपेक्षा लहान असल्यास व खोडाला बेचके पडले नसल्यास केवळ वाट पाहावी.
2. बेचक्यांत कळ्या आहेत का आणि मातीवर गळलेल्या कळ्या आहेत का, हे पाहावे.
3. एखाद्या दिवशी सकाळपासून तासातासाला रोपावर थेट ऊन आहे की नाही याची नोंद करावी. एकूण सहा तास न भरल्यास प्रथम जागा बदलावी.
4. शेंड्याची पाने व त्यांची खालची बाजू भिंगातून पाहावी. पाने वळलेली असल्यास किडीचा बंदोबस्त करावा.
5. गेल्या दोन महिन्यांत कोणते खत, किती वेळा दिले ते आठवावे. पाने गर्द व मऊ असल्यास नत्र थांबवावे.
6. मातीची ओल, कुंडीची छिद्रे व मुळांची स्थिती पाहावी.
7. दिवसाचे व रात्रीचे तापमान विचारात घ्यावे. ते प्रतिकूल असल्यास रोप जगवणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे.

## उपाय

ऊन – सावलीतील रोप एकदम कडक उन्हात ठेवल्यास पाने करपतात. त्याला प्रथम सकाळचे ऊन द्यावे व आठवडाभरात उन्हाचा काळ वाढवत न्यावा.

खत – नत्र जादा झाले असल्यास खत बंद करून पाणी निचऱ्यापर्यंत एक-दोन वेळा भरपूर द्यावे, म्हणजे विरघळलेले नत्र वाहून जाते. कुंडीचा निचरा चांगला असेल तरच हे करावे. नवी पाने नेहमीच्या रंगावर आल्यावर स्फुरद व पालाश अधिक असलेले खत द्यावे. बाजारात ०:५२:३४ या नावाने मिळणारे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम या प्रमाणात घेता येते. माती मुळातच सकस असेल, तर मूठभर गांडूळखत पुरेसे होते.

पाणी व आच्छादन – पालापाचोळा, वाळलेले गवत किंवा नारळाच्या काथ्याचा थर मातीवर पसरल्यास ओल टिकते व मुळे थंड राहतात. उन्हाळ्यात सकाळी पाणी देणे उत्तम.

सावली – कडक उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ या वेळात विरळ सावली द्यावी. सकाळचे ऊन मात्र अडवू नये.

कीड – प्रादुर्भाव कमी असताना ५ टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूस पोचेल असा फवारावा. निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी व पिवळे पांढऱ्या माशीसाठी लावतात. विषाणूग्रस्त रोप बरे होत नाही. ते उपटून नष्ट केल्यास शेजारची रोपे वाचतात.

संप्रेरक – फुलगळ रोखण्यासाठी नॅफ्थॅलिन ॲसेटिक आम्लाची विरळ फवारणी शेतकरी करतात. त्याचे प्रमाण दहा लाख भाग पाण्यात १० भाग इतके अल्प असते. हे द्रव्य आलेली कळी धरून ठेवण्यास साहाय्य करते. सावलीतील किंवा नत्राने माजलेल्या रोपावर ते नवी कळी निर्माण करत नाही. प्रमाण वाढल्यास उलट फुलगळ होऊ शकते.

कारण दूर झाल्यावर फुले लगेच दिसत नाहीत. नवी फांदी दुभागून तिच्यात कळी तयार होण्यास साधारणपणे तीन ते चार आठवडे लागतात. या काळात दुसरा उपाय सुरू करू नये.

## प्रचलित घरगुती उपाय

* लाकडाची राख – तीत पालाश व चुना असतो, त्यामुळे आम्लधर्मी जमिनीत ती थोड्या प्रमाणात उपयुक्त असते. चुनखडीयुक्त जमिनीत किंवा क्षारयुक्त पाणी असलेल्या ठिकाणी ती सामू आणखी वाढवते.
* केळीच्या साली – त्यांतील पालाश साली कुजल्यावरच मुळांना मिळते. कच्च्या साली कुंडीत पुरल्यास माश्या व बुरशी वाढते. कंपोस्ट करून वापरणे चांगले.
* अंड्यांची टरफले – ती चुन्याचा संथ स्रोत आहेत. कळी येण्याशी त्यांचा थेट संबंध नाही.
* एप्सम मीठ – हे मॅग्नेशियम सल्फेट असून मॅग्नेशियमची कमतरता असल्यासच उपयोगी पडते. कमतरता नसताना वारंवार घातल्यास कॅल्शियमच्या शोषणात अडथळा येतो.
* ताक व हिंग – यांच्या पाण्याची फवारणी फुलगळीवर लोकप्रिय आहे. ताण उष्णतेचा असेल, तर अशा फवारणीने तापमान बदलत नाही. त्याच सुमारास हवा पालटली, तर त्याचे श्रेय फवारणीस दिले जाते.

या उपायांची मर्यादा एकच आहे. ते रोपाला काहीतरी देतात; परंतु फुले न येण्याची बरीचशी कारणे एखादी गोष्ट जास्त झाल्याची असतात: जास्त नत्र, जास्त पाणी, जास्त उष्णता, एका कुंडीत जास्त रोपे. अशा वेळी आणखी काही घालण्याऐवजी जे जास्त आहे ते कमी करावे लागते.

## रोप केव्हा ठेवावे, केव्हा काढावे

पाने निरोगी, खोड कणखर आणि शेंडा वाढता असलेले रोप फुलांअभावी काढून टाकण्याचे कारण नसते. बेचके पडलेले, पुरेसे ऊन मिळणारे रोप अनुकूल ऋतूत बहुधा फुलतेच. जुने व वरून झाडोरा झालेले रोप पावसाळ्यानंतर निम्म्यापर्यंत छाटून माती बदलल्यास नव्या फांद्या फुटतात व त्यांच्या बेचक्यांत कळ्या येतात. विषाणूने खुजे झालेले, मुळे कुजलेले किंवा खोडाच्या तळाशी काळे पडलेले रोप मात्र काढणे इष्ट ठरते. त्या कुंडीतील माती मिरची, वांगी, टोमॅटो यांसाठी लगेच पुन्हा वापरू नये. तीत पालेभाजी किंवा झेंडू लावता येतो.